बंब दारापर्यंत येईल का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलायचे तर विषय प्रसन्न असावा असा आपल्याकडचा रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला विचारले, "काकी, तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "आगीवर." त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "मग हळदीकुंकू आधीच उरकून घेऊ." तसे ते उरकले आहे. तेव्हा आता मला मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. मी काही या विषयातली जाणकार नव्हे. पण गेले आठ-नऊ महिने या विषयाने माझी झोप घालवली आहे, आणि ज्या गोष्टीने आपली झोप जाते तिची माहिती बाईमाणूस काढल्याशिवाय राहत नाही.

मी या मांडवीत सून म्हणून आले ती १९७६ साली. त्या वेळी आमच्या आळीत सगळी घरे कौलारू होती. जांभ्याच्या भिंती, पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागे मागीलदार. मागीलदारी विहीर, तिच्यावर रहाट, आणि पलीकडे माडांची रांग. समुद्राचा वारा पुढच्या दाराने शिरे आणि मागच्या दाराने निघून जाई. नव्या नवरीला त्या घरात सर्वांत आवडलेली जागा म्हणजे ते मागील दार. रडायचे झाले तरी तिथे, हसायचे झाले तरी तिथे.

१९७९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पडवीला लागून असलेल्या खोलीत आंब्याची आढी घातली होती. पेंढा किती कोरडा असतो हे तुम्हांला सांगायला नको. रात्री वीज गेली, आणि घरातला एक मुलगा आंबा पिकला का पाहायला चिमणी घेऊन आत गेला. एवढेच निमित्त. पेंढा भडकला, ज्वाळा वाशांना लागल्या, आणि ओटीवर असा धूर कोंडला की पुढच्या दाराकडे कोणाला पाऊल टाकता येईना. सासूबाई माजघरात आजारी पडून होत्या. आम्ही दोघी जावांनी त्यांना घोंगडीत घेतले आणि मागील दाराने विहिरीपाशी नेऊन ठेवले. मग आळीतल्या बायका धावल्या. एकीने रहाट धरला तो पहाटेपर्यंत सोडला नाही. कळशा हातोहात पुढे जात होत्या. पुरुषांनी कौले उतरवून आगीची वाट तोडली. एक खोली जळाली, आंबे गेले, माणूस एकही गेले नाही.

आता इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा दिसते की आम्हांला वाचवले ते तीन गोष्टींनी: दुसरे दार, जवळ पाणी, आणि घराभोवतीची मोकळी जागा, जिथे माणसांना उभे राहून काही करता आले. ही तिन्ही कोणी नियम म्हणून केलेली नव्हती. कोकणातले घर बांधायची रीतच तशी होती. नव्या इमारतीत मात्र ती आपोआप येत नाहीत. ती मागून घ्यावी लागतात, नकाशात दाखवून घ्यावी लागतात, आणि पुढे राखावी लागतात. फ्लॅटला एकच दार असते. मागीलदारी गॅलरी असते आणि तिलाही आपण लोखंडी जाळी बसवतो.

मला हा विचार का सुचला ते सांगते. आमचे घर आणि शेजारची दोन घरे मिळून तिथे इमारत बांधायची बोलणी चालू आहेत. मुले पुण्या-मुंबईला, कौले शाकारायला माणूस मिळत नाही, मला एकटीला एवढे घर झेपत नाही. तेव्हा माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच "जुने ते सोने" म्हणत बसायची मला हौस नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात अकरा भांडी मांडून झोपलेली बाई मी. पण कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा मला पहिला प्रश्न आठवला तो आमच्या गडग्याचा.

आमच्या आळीच्या वळणावर माझ्या घराचा गडगा थोडा पुढे आला आहे. सासऱ्यांनी रचलेला, आत सोनचाफा. काही वर्षांपूर्वी आळीतल्या मंडळींनी विनंती केली होती की हा कोपरा अडीच फूट मागे घ्या, वळण सोपे होईल. मी नाही म्हटले. चाफ्याची मुळे दुखावतील म्हटले, सासऱ्यांची आठवण म्हटले. खरे सांगायचे तर आपली जागा कोण सोडतो? २०१८ च्या पावसाळ्यात यजमानांच्या छातीत दुखू लागले. १०८ ला फोन केला, गाडी लवकर आली, आणि त्या वळणाशी थांबली. एका बाजूला माझा गडगा, दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी दोन स्कूटर. स्कूटरचे मालक सापडेपर्यंत वाट न पाहता चार मुलांनी यजमानांना खुर्चीत बसवले आणि पावसातून कोपऱ्यापर्यंत नेले. इस्पितळात पोहोचेपर्यंत ते गेले होते. ती दहा मिनिटे वाचली असती तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी गडगा मागे घेतला. चाफा जगला.

हे मी दुःख सांगायला सांगत नाही. रस्ता ही गोष्ट आगीपुरती नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. ज्या वाटेने बंब येतो त्याच वाटेने रुग्णवाहिका येते, आणि अडलेली बाळंतीणही त्याच वाटेने जाते.

मुंबईचे उदाहरण घ्या, कारण आपले निम्मे घर तिथेच असते. काळबादेवीला हनुमान गल्लीत गोकुळ निवास नावाची जुनी इमारत होती. ९ मे २०१५ रोजी तिला आग लागली. लाकडाचा सांगाडा, आणि भोवती काळबादेवीच्या त्या गल्ल्या, जिथे हातगाडी आली तरी माणसाला भिंतीला चिकटावे लागते. राहणारे लोक बाहेर काढले गेले; पण आग विझवता विझवता इमारतच कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी त्यात गेले. भाजलेले सुधीर अमीन आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्याच महिन्यात इस्पितळात वारले. ज्या शहराचे अग्निशमन दल देशातल्या मोठ्या दलांत गणले जाते, त्याचा मुख्य माणूस एका गल्लीतल्या आगीत जातो. गल्ली अरुंद असली की बंब दूर उभा राहतो, नळ्या लांबवाव्या लागतात, शिडी नीट लावता येत नाही, आणि मग माणसालाच आगीच्या फार जवळ जावे लागते.

आगीत अग्निशामकांचे बळी ही मुंबईला नवी गोष्ट नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट पेटून स्फोट झाले. एकाच बोटीत कापसाच्या गासड्याही होत्या आणि दारूगोळाही. विझवायला गेलेल्या दलातले ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ अजूनही १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह देशभर पाळतात. त्या गोदीला लागून असलेल्या वस्तीचे नावही मांडवीच आहे, हे ऐकून मी लहानपणी दचकले होते. मला वाटे, ती आग इथेच लागली होती.

पण आपल्याशी सर्वांत जवळचे उदाहरण वाटते ते गोरेगावचे. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तीनच्या सुमारास तिथल्या जय भवानी नावाच्या इमारतीला आग लागली. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बांधलेली, साध्या संसारी माणसांची इमारत. आग लागली खाली, जिथे गाड्या उभ्या होत्या आणि सामान साठवले होते. धूर वर चढला. निदान सात माणसे दगावली, पन्नासाहून अधिक जखमी झाली. हे नीट लक्षात घ्या: आग तळाशी, आणि माणसे वरच्या मजल्यांवर धुराने हैराण. आपल्या नव्या इमारतीही अशाच असतात, खाली खांबांवर गाड्या आणि वर बिऱ्हाडे. जिना त्या गाड्यांच्या मधूनच वर जातो. मग जिना म्हणजे धुराचे धुरांडे होते. आगीत पुष्कळ माणसे जळून मरत नाहीत, धुराने गुदमरून मरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही.

विलायतेत सगळे नियमाने चालते असे आपण समजतो. लंडनला ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली इमारत १४ जून २०१७ रोजी पेटली. सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातल्या फ्रिजपासून झाली. इमारत सुंदर दिसावी आणि ऊब राहावी म्हणून बाहेरून जे आवरण चढवले होते तेच पेटले. एवढ्या इमारतीला जिना एकच. ७२ माणसे गेली. आमच्या बांधकामवाल्यांनी दाखवलेल्या रंगीत चित्रात पुढच्या बाजूला चकचकीत पत्रे लावले आहेत. मी विचारले, हे कशाचे? ते म्हणाले, "काकी, लेटेस्ट आहे."

आता नियम काय म्हणतात ते सांगते. आकडे थोडेच सांगते, पण ते लिहून घ्या. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणून एक मोठा ग्रंथ आहे, २०१६ सालचा. त्यात १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला उंच इमारत म्हटले आहे. अशा इमारतीसमोरचा रस्ता निदान १२ मीटर हवा. प्रवेशाचे फाटक निदान ६ मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट रुंद हवे, आणि ते उघडल्यावर कुंपणाच्या भिंतीला टेकून राहावे, वाटेत येऊ नये. फाटकावर कमान बांधलीच तर तिच्याखाली ४.५ मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा फूट मोकळी उंची हवी. इमारतीभोवती बंब फिरायला ६ मीटर जागा हवी, आणि वळायला ९ मीटर त्रिज्येचे वळण. त्या जागेची जमीन ४५ टन वजनाच्या गाडीचा भार सोसेल अशी पक्की हवी.

हा शेवटचा मुद्दा मी वाचला तेव्हा मला हसू आले आणि मग भीती वाटली. कारण अंगणात आपण काय करतो? शौचकूप आणि पाण्याची टाकी जमिनीखाली घेतो, वर पातळ स्लॅब घालतो, त्यावर रंगीत लाद्या. दिसायला अंगण. बंब त्यावर चढला तर आग विझायच्या आधी बंबच टाकीत. तेव्हा टाक्या कुठे आहेत आणि गाडीची वाट कुठून आहे, हे नकाशावर बोट ठेवून विचारावे.

आमच्या बैठकीत मी कमानीची उंची विचारली. चित्रात कमानीवर दोन घोडे होते, फार देखणे. उत्तर मिळाले, बारा फूट. मी म्हटले, मग घोडे काढा किंवा वर चढवा. सगळे हसले. मी हसले नाही म्हणून मग तेही थांबले. दुसरा प्रश्न विचारला, उंची किती? "साडेचौदा मीटर." म्हणजे पंधराच्या आत अर्धा मीटर. आता कायद्याने त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण साडेचौदा मीटरवर धूर कमी लागतो असे कोणत्या ग्रंथात लिहिले आहे? आपल्याला विचारायचे आहे ते एवढेच की नियमाने लागू नसले तरी तुम्ही दारात बंब येऊ द्याल का, आणि जिना गाड्यांपासून भिंत व दार घालून वेगळा कराल का. यातल्या पुष्कळ गोष्टींना पैसा लागत नाही, नकाशा काढताना अक्कल लागते. इमारत उभी राहिल्यावर मात्र त्याच गोष्टींना पैसा देऊनही होत नाही.

आपल्या राज्याचा एक स्वतंत्र कायदाही आहे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यात जबाबदारी टाकली आहे ती इमारतीच्या मालकावर किंवा तीत राहणाऱ्यांवर. एकदा किल्ल्या हातात आल्या की बांधकामवाला निघून जातो आणि राहणारे म्हणजे आपण उरतो. इमारतीत आगीची जी यंत्रणा बसवली असेल ती चालू स्थितीत आहे असा परवानाधारक संस्थेचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. मी ओळखीच्या काही सोसायट्यांत विचारून पाहिले. एका ठिकाणी चिटणीस म्हणाले, दाखला कसला? दुसऱ्या ठिकाणी लाल नळा होता, पेटी होती, पण पेटीत नळी नव्हती. झाडूवालीचे झाडू होते. ती बाई तरी काय करील, तिला दुसरी जागा दिली नव्हती.

आणि आता थोडे आपल्या पदरचे. जिन्याच्या वळणावर जुने कपाट कोण ठेवते? आपणच. मेमध्ये आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि पेंढा जिन्याखाली कोण रचते? गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली माहेरी जाताना बरोबर कोण नेते, त्यांचे नाव मी घेत नाही. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि हसताहेत. खिडकीला जाळी लावायचीच असेल तर तिचा एक भाग आतून उघडणारा करून घ्यावा, त्याला कुलूप न घालता नुसती कडी ठेवावी. लहान मुलांचे भय असते हे मला समजते. पण ज्या जाळीतून चोर आत येत नाही त्या जाळीतून आपणही बाहेर जात नाही.

स्वयंपाकघराविषयी मी तुम्हांला शिकवावे असे नाही. आमच्या पिढीने पंपाच्या स्टोचे भडके पाहिले आहेत, आणि वर्तमानपत्रांत "स्टोच्या भडक्याने मृत्यू" अशी छापून येणारी सगळीच प्रकरणे स्टोची नव्हती हेही आपण बायका जाणतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो जमिनीलगत साठतो. वास आला तर दिव्याचे बटण लावायचेही नाही आणि बंदही करायचे नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नये. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सतराशे पट फुगते आणि पेटते तेल घरभर उडवते. गॅस बंद करून वर ताट झाकावे. धूर कोंडला तर खाली वाकून, वेळ आली तर रांगत निघावे, कारण चांगली हवा जमिनीजवळ असते. बाहेर निघताना दार ओढून घ्यावे. लिफ्टमध्ये शिरू नये. आणि १०१ किंवा ११२ ला फोन करताना नुसते "मांडवीत आग लागली" असे ओरडू नये. कोणती आळी, कोणत्या वळणाने गाडी येईल, हे सांगावे, आणि एका मुलाला कोपऱ्यावर उभे करावे. आपल्या पाखाड्यांवर बंब चढत नाही. कोणत्या घराकडे खालून जायचे आणि कोणत्या घराकडे वरून, हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार?

कोणी म्हणेल, हे सगळे नगरपरिषदेने पाहावे. पाहावेच. पण नगरपरिषदेचा माणूस येईल तो एकदा येईल. त्या फाटकातून रोज ये-जा आपण करणार. आणि विकासकाशी बोलायला घरातले पुरुष किंवा मुले जातात, तेव्हा बोलणे होते ते किती चौरस फूट आणि किती पैसे याचे. कागदावर नाव पुष्कळदा आपलेही असते. सही मागतात तेव्हा चष्मा लावायला पाच मिनिटे मागून घ्यावीत.

आमच्या कागदावर मी अजून सही केलेली नाही. कमान पंधरा फुटांची करायचे त्यांनी कबूल केले आहे, जिन्याला भिंत घालायचे "बघतो" म्हणाले आहेत. अडते आहे ते बाहेरच्या रस्त्यावर. तो त्यांच्या हातात नाही आणि एकटीच्या माझ्याही हातात नाही. मोटार-वाहनांच्या नियमाप्रमाणे मोठी गाडी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण साडेआठ फूट रुंद असू शकते. आमच्या आळीची रुंदी माझ्या गडग्यापाशी आता अकरा फूट भरते. पुढे दोन ठिकाणी ती नऊच्या आत जाते असा माझा अंदाज आहे. ती दोन्ही घरे आज इथे बसलेल्या सभासदांची आहेत. त्यांना मी आधी विचारले आहे आणि त्यांनी मोजायला हरकत घेतलेली नाही. मागे घेण्याचे त्या नंतर ठरवतील, मलाही ते ठरवायला उशीरच लागला होता.

माझ्या पिशवीत शिंप्याची नव्हे, गवंड्याची तीस मीटरची टेप आहे. चहा झाला की उजेड आहे तोवर आपण कोपऱ्यापासून सुरुवात करू. दोघींनी टेप धरायची, एकीने लिहून घ्यायचे. वहिनी, तुमचे अक्षर चांगले आहे, तुम्ही वही घ्या.